वस्त्राच्या साच्यातील मातीचे घुमट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि माळवदांच्या जड छपरांखाली, मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून मातीच्या घराविषयी अनेकांच्या मनात भीती बसली, आणि ती स्वाभाविकच होती. परंतु दोष मातीचा की बांधणीच्या रीतीचा, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. इराणी वास्तुविशारद नादिर खलिली (१९३६–२००८) यांच्या कार्यात त्याचे एक उत्तर आढळते.

१९७५ मध्ये खलिली यांनी तेहरानमधील भरभराटीचा व्यवसाय सोडला आणि मोटारसायकलवरून ते वाळवंटातील गावे पाहत हिंडले. लाकूड दुर्मिळ असलेल्या त्या मुलुखात कच्च्या विटांचे घुमट बांधण्याची परंपरा जुनी होती. तिच्या अभ्यासातून पुढे त्यांनी वस्त्राच्या साच्यात माती भरण्याची पद्धत सिद्ध केली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील हेस्पेरिया येथे तिच्या प्रयोगांसाठी व शिक्षणासाठी त्यांनी संस्था स्थापन केली.

या पद्धतीत विणलेल्या कापडाच्या लांब नळीत ओलसर माती भरतात. तीत थोडा चुना वा सिमेंट मिसळतात. नळी वर्तुळाकार अंथरून धुम्मसाने ठोकली की मातीचे घट्ट वलय तयार होते. दोन थरांमध्ये काटेरी तार घालतात. तिचे काटे वरखालच्या कापडात रुततात, त्यामुळे थर सरकत नाहीत आणि घुमटाचा बाहेरचा रेटाही तार सोसते. प्रत्येक वलय खालच्यापेक्षा किंचित आत घेत घेत माथा मिटतो. आधाराला लाकूड लागत नाही.

ही युक्ती आपल्या देवालयांस अपरिचित नाही. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयात मंडपाचे छतही दगडांची वलये क्रमाने आत सरकवूनच मिटविले आहे. तेथे जे घडीव पाषाणाने साधले, ते येथे पायाखालच्या मातीने साधले.

१९९५ मध्ये इराणातील इराकी निर्वासितांसाठी असे निवारे उभारण्यात आले. त्यांत निर्वासितांनी स्वतः काम केले. २००४ मध्ये या कार्यास आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

या रीतीलाही मर्यादा आहेत. कृत्रिम धाग्याचे कापड उन्हाने विरते, म्हणून गिलावा आवश्यक असतो. कोकण-गोव्याच्या पावसात उंच जोते व पाण्यापासून पक्के संरक्षण हवेच. तरीही, मातीस योग्य आकार आणि योग्य बंध मिळाले तर तिच्या आश्रयाने माणूस निर्धास्त राहू शकतो, हे या घुमटांवरून दिसते. किल्लारीच्या स्मृतीस स्मरून आपल्या स्थपतींनी त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.