परदेशी शिक्का आणि औषधाची पारख

कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. आज इथल्या एखाद्या घराने परदेशातल्या मुलाकडून गोळ्या मागवल्या, तर ‘तिकडचे औषध म्हणजे चांगलेच’ असे सगळे धरून चालतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आधुनिक औषधे मुख्यतः परदेशातून येत, आणि ती तपासणारा देशव्यापी कायदा नव्हता. निकस, भेसळीचा माल सर्रास खपे. त्यात क्विनाइनही होते. हिवतापाच्या रोग्याला कमी सत्त्वाचे क्विनाइन मिळाले की ताप उतरत नसे. तक्रारी वाढल्यावर १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ साली अहवाल आला आणि १९४० साली औषध कायदा झाला. त्याच्या उद्देशवाक्यात ‘आयात’ हा शब्द निर्मिती आणि विक्री यांच्या आधी येतो. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नरसी तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

पुढे देशी उद्योग वाढला, पण धोका संपला नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते. २०२२ साली गांबियात मूत्रपिंडे निकामी होऊन सुमारे सत्तर मुले दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या, हेच विष आढळलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला. गांबियातल्या आईबापांच्या दृष्टीने ते परदेशी औषधच होते.

म्हणून औषध कोणत्या देशातले, यापेक्षा ते कुणी तपासले, हे आधी विचारावे. १९४५ च्या नियमांनुसार स्वतःच्या वापरासाठी परदेशी औषध मर्यादित प्रमाणात आणता येते. एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांहून अधिक नाही, आणि टपालाने मागवायचे तर आधी परवाना घ्यावा लागतो. पार्सलमधून परस्पर आलेल्या गोळीमागे इथला डॉक्टर वा औषध निरीक्षक उभा नसतो. मात्रा वेगळी असू शकते. २ ते ८ अंशांत ठेवायचे इन्सुलिन वाटेत तापून निकामी होऊ शकते. रोग्याला हे कळते ते त्रास सुरू झाल्यावर, आणि तेव्हा तक्रार करायला विक्रेता हाती लागत नाही. चोप्रा समितीच्या काळातला रोगीही असाच एकटा होता. त्याच्यासाठी केलेला कायदा आपण स्वस्ताईपायी वा घाईने ओलांडू नये.