घरच्या अंगणातली मोटारदुरुस्ती

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. अणदूरच्या माणसाला तर नळदुर्गचा किल्ला शेजारच्या वाड्यासारखा. पण ज्या रस्त्याने आपण रोज जातो-येतो त्यालाही इतिहास असतो, आणि त्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारीलाही असतो. जुनी मोटार आपली आपण तपासायची, घरच्या अंगणात दुरुस्त करायची, ही विद्या आपल्याकडे कशी आली आणि आज तिचे काय करावे, एवढाच आजचा विषय.

सोलापूरहून नळदुर्ग, अणदूर, उमरगा करीत हैदराबादेकडे जाणारा हा रस्ता. अणदूरला रेल्वे नाही; जे आले ते या रस्त्यानेच आले. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना 1932 साली निजाम स्टेट रेल्वेने 27 बसगाड्या घेऊन संस्थानात सरकारी बससेवा सुरू केली. पुढे 13 सप्टेंबर 1948 रोजी जनरल चौधरींच्या नेतृत्वाखाली भारतीय फौज याच रस्त्याने सोलापूरकडून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. त्या फौजेत रणगाड्यांबरोबर ट्रक होते, जीपगाड्या होत्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या अशा गाड्या लोकांनी ‘डिस्पोजल’चा माल म्हणून विकत घेतल्या. गाडी मिळे, पण तिच्याबरोबर कारखान्याचा माणूस थोडाच येतो! ती उघडूनच समजून घ्यावी लागे.

आता सोलापूरचेच एक नाव घेतो. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात तयार व्हावीत असा त्यांचा ध्यास होता. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1953 साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले, की परदेशी सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी येथून निघावे आणि ज्यांना खरोखर येथे भाग तयार करायचे आहेत त्यांनीच राहावे. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड या बड्या अमेरिकन कंपन्यांनी आपले येथील काम बंद केले. मग मोटारमालकापुढे नावे राहिली मोजकी: कुर्ल्याची फियाट, बंगालातील उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि महिंद्रांची जीप.

याचा परिणाम काय झाला? नवी गाडी हवी तर वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. म्हणून एकदा घेतलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे वापरायची, हा रिवाजच पडला. नमुना फारसा बदलत नसे, त्यामुळे एका गाडीचे ज्ञान दुसरीला चाले. टंचाई ही काही चांगली गोष्ट नव्हे. पण या टंचाईने माणसाला यंत्राशी बोलायला शिकवले, हेही तितकेच खरे. आपल्या शेतकऱ्याला तर ती भाषा अर्धी येतच होती. विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्याने थंडीत हँडल मारून चालू केले आहे, त्याला मोटारीच्या इंजिनाची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

गंमत अशी की या गाड्यांतील ठिणगीची व्यवस्था फार जुनी होती. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने ती बसवली आणि 1910च्या कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम आली. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट, एवढाच तिचा गाभा. 1912 साली त्याच केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडलच्या उलट झटक्याने मनगट मोडण्याची भीती कमी झाली. आपली फियाट आणि तिच्याच वंशातली पद्मिनी यांनी ही पॉइंटांची व्यवस्था अनेक दशके चालवली.

बरे, सकाळी गाडी सुरू होत नाही. काय करायचे? जाणता माणूस आधी पान्याला हात लावीत नाही. तो प्रश्न विचारतो. सेल्फ फिरतो का? मंद फिरला किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर आधी बॅटरी आणि तिची टोके पाहायची. टोकांवर पांढरट-हिरवट खार चढला असला तर तो साफ करून ती घट्ट बसवायची. सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पकडत नाही, तर मग तीनच गोष्टी पाहायच्या: ठिणगी, पेट्रोल आणि दाब.

ठिणगीसाठी प्लग काढून वायरीला जोडायचा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे आणि गाडी फिरवून पाहायचे. ठिणगी निळसर, खणखणीत हवी. मात्र जवळ पेट्रोल सांडलेले नसावे, आणि वायर उघड्या हाताने धरू नये. ठिणगी नसली तर झाकण काढून पॉइंट बघावेत. ते जळून काळे पडतात; बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांतील फट मापाच्या पातीने साधारण 0.4 मिलिमीटर ठेवली की पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते.

प्लग हा इंजिनाची जीभ आहे. वैद्य जीभ पाहतो तसा मिस्त्री प्लग पाहतो. बदामी रंग म्हणजे प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट काळेपणा म्हणजे रिंगा झिजून ऑइल वर चढते आहे. हे दुखणे दाबाचे, आणि ते अंगणात बरे होण्यासारखे नाही. अगदी पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन फार तापते आहे.

आपल्या भागातले उन्हाळी दुखणे वेगळे. वैशाखात भर दुपारी चढावर गाडी बंद पडते आणि तासाभराने आपोआप चालू होते. लोक म्हणतात, गाडीला झपाटले. झपाटलेले काही नसते. इंजिनाला चिकटून असलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेपुढे पंपाचे काही चालत नाही. पंपावर ओले फडके ठेवले की वाफ निवते आणि गाडी निघते. रेडिएटरमध्ये मात्र विहिरीचे जड पाणी घालू नये. त्याचा क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतो. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई कधीही करू नये.

आता सावधगिरी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चाकांना दगड आणि गाडीला पक्का आधार हवाच. ब्रेक आणि स्टिअरिंग यांवर शिकाऊ हात चालवू नये, कारण तेथील चूक रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाशी येते. आणखी एक नवी गोष्ट: 2025पासून पंपावर सर्वत्र 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात, झिरपतात. म्हणून जुनी गाडी असेल त्याने नळ्या तपासून नव्या प्रकारच्या घालून घ्याव्यात.

1983 साली मारुती आली आणि काळ पालटला. पुढे कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेले, इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेला. ॲम्बॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनीही निवृत्त झाली. नव्या गाड्या कमी बिघडतात, धूर कमी सोडतात, आणि याबद्दल रडण्याचे कारण नाही.

पण एक गोष्ट गमावण्यासारखी नाही. आधी पाहा, मग विचारा; स्वस्त आणि सोपे कारण प्रथम तपासा; एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. हा न्याय पाण्याच्या मोटारीला लागतो, आजारी बैलाला लागतो, गणितात अडलेल्या मुलालाही लागतो. शाळेत आपण त्याला शास्त्रीय पद्धत म्हणतो. गॅरेजमधल्या माणसाला ते नाव ठाऊक नसते, पण पद्धत ठाऊक असते.

आणि हे ज्ञान बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेले नाही. ते ज्यांनी कमावले त्यांतले कित्येकजण शाळा सोडून पाने उचलायला लागलेली मुले होती. त्यांच्या बुद्धीला कोणी प्रमाणपत्र दिले नाही. शिक्षक बंधुभगिनींना म्हणून माझी विनंती आहे. हमरस्त्यावरच्या एखाद्या वयस्क मिस्त्रीला वर्गात बोलवा. त्यांना प्लग दाखवायला सांगा, आवाजावरून बिघाड कसा ओळखतात ते विचारा, आणि मुलांकडून ते शब्दन् शब्द वहीत उतरवून घ्या. किल्ल्याचा दगड आणखी शंभर वर्षे जागचा हलणार नाही; या माणसांजवळचे ज्ञान मात्र तितके थांबणार नाही.