सिस्टीम बंद पडली, तर पुढं काय?

मंडळी, रात्री गच्चीवर गेलो की नागपूरकडं जाणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. ते पाहिले की मला नागपूरची जुनी गोष्ट आठवते. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं रात्री नागपुरात जमायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं माघारी निघायची. तेव्हा कॉम्प्युटर कुठला! नियंत्रकाचा सारा भरवसा रेडिओ, घड्याळ आणि कागदावरच्या नोंदींवर. कुठलं विमान, किती उंचीवर, कुठं किती वाजता पोचणार, एवढंच.

पुढं विमानं वाढली. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांपर्यंतच उतरायची परवानगी होती, ते त्याच्याही खाली आलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान ठिपक्यासारखं दिसे, उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल ती उंची खरी धरायची. म्हणजे चूक झाली, तर ती पकडणारं दुसरं कुणीच नव्हतं.

त्यानंतर दिल्लीत उंची दाखवणारं रडार आलं. विमानात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. हे यंत्र जमिनीवरच्या कॉम्प्युटरच्या भरवशावर राहत नाही. दोन विमानांतली यंत्रं आपसात बोलतात, एकाला वर जायला सांगतात, दुसऱ्याला खाली.

आता नोव्हेंबर २०२५ बघा. दिल्लीत उड्डाणांची माहिती पोचवणारी संगणक यंत्रणा बंद पडली. ८०० हून जास्त विमानं लेट झाली, प्रवासी वैतागले. पण नियंत्रकांनी हातानं काम सुरू ठेवलं आणि कुणाचा जीव गेला नाही.

बंद तर प्रत्येक यंत्रणा कधी ना कधी पडतेच. भरवशाची ती, जी बंद पडल्यावर फक्त उशीर करते, जीव घेत नाही.

हे मी भंडाऱ्यात बसून का लिहितोय? ९ जानेवारी २०२१ ची रात्र आपण विसरलेलो नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. म्हणून यापुढं कुठल्याही नव्या मशीनची फीत कापली जाईल, तेव्हा दोनच प्रश्न विचारा: हे बंद पडलं, तर सावध कोण करणार? आणि रात्री दोन वाजता ते हातानं सांभाळायला जागेवर कोण असणार?