घरगुती खेळणी

घरातील वा परिसरातील सहज मिळणाऱ्या, बहुधा टाकाऊ वस्तूंपासून मुलांनी व घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी तयार केलेली खेळणी. चिंध्यांची बाहुली, पानाचे भिरभिरे, कागदाची होडी, ज्वारीच्या ताटाची बैलगाडी, काडेपेट्यांची आगगाडी ही त्यांची परिचित उदाहरणे होत. कारागिरांनी विक्रीसाठी घडविलेल्या खेळण्यांहून ती दोन बाबतींत वेगळी ठरतात : त्यांना खर्च जवळजवळ येत नाही आणि ती तयार करणे हाच खेळाचा पहिला, पुष्कळदा मुख्य, भाग असतो. ही खेळणी अल्पजीवी असतात. धातूची, हस्तिदंताची वा भाजलेल्या मातीची खेळणी वस्तुसंग्रहालयांत टिकून राहिली. पाने, कागद व चिंध्या मात्र नाहीशा झाल्या. त्यामुळे बहुसंख्य मुले ज्या वस्तूंशी खेळली, त्यांचीच नोंद खेळण्यांच्या इतिहासात सर्वांत कमी आढळते.

सिंधू संस्कृतीच्या मोहें-जो-दडो, हडप्पा इ. स्थळी भाजलेल्या मातीच्या गाड्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या आणि मान हलविणारे बैल सापडले आहेत. त्यांपैकी काही सफाईदार आहेत, तर काही आकृत्या इतक्या ओबडधोबड आहेत की, त्या मुलांनीच केल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सूत, लाकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ व माती यांच्या बाहुल्यांचा उल्लेख येतो. या यादीत हस्तिदंताशेजारी पीठ व सूत यांना मिळालेले स्थान लक्षणीय आहे. कारण हे पदार्थ कोणत्याही घरात उपलब्ध असत. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाचे नावच मातीच्या खेळगाडीवरून पडले आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी परत गेल्यावर रडणाऱ्या रोहसेनाला दासी रदनिका मातीची गाडी करून देते. पण त्याचे समाधान होत नाही. तेव्हा वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत भरते व त्यातून नाटकाच्या कथानकाला निर्णायक वळण मिळते. घरी केलेले खेळणे आणि विकतचे मौल्यवान खेळणे यांच्यातील ताण प्राचीन काळीही लोकांच्या परिचयाचा होता, हे या प्रसंगावरून दिसते.

महाराष्ट्रातील घरगुती खेळणी ऋतू, पिके व सण यांच्याशी निगडित आहेत. ज्वारीची कापणी झाल्यावर मुले वाळलेल्या ताटाची साल सोलून तिच्या अणकुचीदार पट्ट्या करतात आणि आतील हलक्या भेंडाचे तुकडे या पट्ट्यांनी टोचून एकमेकांस जोडतात. खिळा, डिंक वा दोरा यांपैकी काहीही न वापरता अशा रीतीने जू व चाके असलेली गाडी उभी राहते. बाभळीच्या काट्यावर पान बसवून केलेले भिरभिरे, नारळाच्या पातीची पिपाणी, तसेच पावसाळ्यात रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून केलेली पुंगी यांतही साधन परिसरातलेच असते. पोळा वा बेंदूर या सणाला मातीचे बैल करतात. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचून त्यावर हळीव वा मोहरी पेरतात, तर बांबूच्या कामट्या, पतंगी कागद व कणकेची खळ यांपासून आकाशकंदील करतात. किल्ला व आकाशकंदील ही खेळण्यांपेक्षा व्यापक, सबंध कुटुंबाच्या सहभागाची कामे होत. कामट्या तासणे, खळ शिजविणे, कागद कातरणे व दोरा बांधणे ही कामे वयाप्रमाणे वाटली जातात आणि लहान मुलाच्याही वाट्याला काहीतरी येते.

मुलींच्या खेळात चिंध्यांच्या बाहुलीला प्रमुख स्थान होते. शिवणातून उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची गुंडाळी करून डोके व धड करावयाचे, काळ्या दोऱ्याने नाकडोळे व केस काढावयाचे आणि जुन्या लुगड्याच्या काठाचे वस्त्र नेसवावयाचे, ही तिची सर्वसाधारण रीत. बाहुला-बाहुलीच्या लग्नात आणि भातुकलीत घरातील स्त्रियाही सहभागी होत. या खेळांतून मुलींना शिवण व स्वयंपाक यांचे वळण लागे, तर मुलांच्या गाड्या, पतंग व किल्ले यांतून रचनेचे. खेळण्यांची ही वाटणी तत्कालीन समाजातील श्रमविभागणीला धरूनच होती.

घरातील टाकाऊ वस्तू बदलल्या, तशी खेळणीही बदलत गेली. कागदाची होडी, विमान व टोपी ही स्वस्त कागद, वृत्तपत्रे व शाळेच्या वह्या घराघरांत पोहोचल्यानंतरची होत. भारतात आगकाड्या आरंभी स्वीडन व जपान या देशांतून येत. १९२२ मध्ये आयात-कर वाढल्यानंतर देशी उत्पादनाला जोर आला. रिकाम्या काडेपेट्यांची आगगाडी किंवा दोन काडेपेट्या दोऱ्याने जोडून केलेला दूरध्वनी ही खेळणी आगकाड्यांच्या या प्रसारानंतरचीच होत. शिवणयंत्राबरोबर दोऱ्याची लाकडी रिळे आली आणि रबराच्या पिळावर चालणारी रिळाची गाडी शक्य झाली. सायकलीबरोबर जुन्या टायरचा गाडा काठीने पळविण्याचा खेळ आला. घरगुती खेळण्याचा काळ ठरविण्यास लिखित पुरावा नसला, तरी त्यातील टाकाऊ वस्तू ही एक प्रकारची कालखूणच असते.

यंत्रयुगात या परंपरेसमोर नवे आव्हान उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या खेळण्यांचे मोठे केंद्र बनले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी सेल्युलॉइडच्या बाहुल्या व पत्र्याची खेळणी भारतातही येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी बाजारपेठ व्यापली. ती स्वस्त, रंगीत व धुण्याजोगी असल्याने त्यांचा स्वीकार स्वाभाविक होता. मात्र ती मुलाच्या हाती पूर्णावस्थेत येतात. मोडल्यास बहुधा दुरुस्त करता येत नाहीत आणि ती कशी चालतात, हेही बाहेरून दिसत नाही.

स्वहस्ते वस्तू करण्याचे शैक्षणिक महत्त्व आधुनिक काळात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी विशेषत्वाने मांडले. त्यांच्या बालोद्यान (किंडरगार्टन) पद्धतीत कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम व मातीकाम यांना स्थान होते. त्यांपैकी कागदाच्या घड्यांवरून प्रेरणा घेऊन टी. सुंदरराव यांनी १८९३ मध्ये मद्रास येथे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली व १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर महात्मा गांधींच्या नयी तालीम योजनेत हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र ठरले. तथापि तेथे भर उत्पादक कामावर होता, खेळावर नव्हे.

खेळ व टाकाऊ वस्तू यांची सांगड बालशिक्षणाशी घालण्याचे कार्य महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी केले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतील साधने महाग असल्याने ती खेड्यांत नेणे अशक्यप्राय होते. १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पाने, माती अशा स्थानिक वस्तूंपासून साधने तयार केली आणि आदिवासी पाड्यांतील अंगणातच बालवाडी भरविली. गरिबीमुळे वापरल्या जाणाऱ्या वस्तू येथे प्रथमच अभ्यासक्रमाचा प्रतिष्ठित भाग बनल्या.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात विज्ञानाचे प्रयोग स्वस्त साधनांनी करण्यावर भर होता. या कार्यक्रमाशी संबंध आलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भौमितिक आकृत्यांची रचना केली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला असता ताठ राहतो, तर चार काड्यांचा चौकोन कलतो. पुलांच्या व छपरांच्या सांगाड्यात त्रिकोण का वापरतात, हे त्यावरून मुलाच्या बोटांनाच समजते. पुढे पुणे येथील ‘आयुका’ या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा प्रसार केला. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी भारतातील गतिमान लोकखेळण्यांचे संकलन करून ते १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आजवर तोंडी चालत आलेल्या कृतींना त्यामुळे रेखाचित्रांचा आधार मिळाला.

घरगुती खेळण्यांचा गौरव करताना ती अनेक घरांत निवडीमुळे नव्हे, तर दुसरे काही परवडत नसल्यामुळे वापरली गेली, हे विसरता येत नाही. मृच्छकटिकातील मुलाचे रडणे खोटे नव्हते. तथापि या खेळण्यांतून मुलास जे मिळते, ते विकत घेता येण्याजोगे नाही. पिळलेला दोरा उलगडताना बटणाची भिंगरी कशी फिरते, ओली माती कोणत्या उतारावर ढासळते, कागद कोणत्या बाजूने सरळ फाटतो, हे ज्ञान केल्यावाचून येत नाही. ते पुस्तकांपेक्षा आजोबांकडून नातवाकडे, थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे, हातावेगळे काम करताना जाते. एखाद्या घरात एका पिढीत ते करावयाचे थांबले, तर पुढच्या पिढीस शिकविणारा हात उरत नाही. पतंगी कागदाच्या जागी दुसरा कागद वा काडेपेटीच्या जागी पुठ्ठ्याचे खोके सहज येऊ शकते; शिकविणाऱ्या हाताची जागा मात्र अशी सहज भरून निघत नाही.