तेल शोधणारे शास्त्रज्ञ : काम, शिक्षण आणि नोकरी

बडोद्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ओएनजीसी हे नाव परके नाही. मकरपुऱ्याचे कार्यालय, कोयलीची रिफायनरी, अंकलेश्वरला नोकरीसाठी जाणारे शेजारी, हे सारे आपल्या रोजच्या बोलण्यात असते. तरीही बारावी सायन्स झालेल्या नातवाने किंवा नातीने "मला जिऑलॉजी घ्यायची आहे" असे म्हटले, की घरात शांतता पसरते. इंजिनिअरिंग आणि मेडिकल आपल्याला माहीत असते. दगडांचा अभ्यास करून पोट कसे भरते, हे माहीत नसते. ती माहिती सभासदांना एका ठिकाणी मिळावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

गुजरात आणि तेल

ओएनजीसीची स्थापना १९५६ साली झाली. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल लागले. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिले. पुढे १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगवरून खोदताना मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात बॉम्बे हायचे तेल सापडले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले.

महाराष्ट्राशी असलेला एक धागा फार थोड्यांना ठाऊक असतो. सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा बनला आहे, तोच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा खंभातच्या खोऱ्यात खोल तळाशी आहे. त्यावर गाळाचे थर साचत गेले आणि त्या थरांत तेल तयार झाले. म्हणजे रायगडाचा कातळ येथे तेलाच्या थरांखालची फरशी झाला आहे.

नेमके काम काय?

जमिनीखाली तेलाचे तळे असते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असते, जसे विटेत पाणी मुरते तसे. ते मिळण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. तेल तयार करणारा खडक हवा, ते साठवणारा सच्छिद्र वाळूचा किंवा चुनखडीचा थर हवा, वर घट्ट झाकण हवे आणि तेल अडून राहील अशी थरांची रचना हवी.

हे शोधणारे शास्त्रज्ञ मुख्यतः दोन प्रकारचे. भूवैज्ञानिक म्हणजे जिऑलॉजिस्ट खडक, जीवाश्म आणि थरांचा इतिहास वाचतो. भूभौतिकतज्ज्ञ म्हणजे जिओफिजिसिस्ट भौतिकशास्त्राच्या साहाय्याने न दिसणारे पाहतो. जमिनीवर स्फोट घडवून किंवा कंपन करणारे जड ट्रक वापरून लहरी खाली सोडतात. थरांवरून परतणाऱ्या लहरी जिओफोन नावाची उपकरणे टिपतात. समजा, लहर जाऊन परत यायला दोन सेकंद लागले आणि तिचा सरासरी वेग सेकंदाला ३००० मीटर धरला, तर थर ३००० मीटर खोल ठरतो. वेगाचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला, तर खोलीही ३०० मीटरने चुकते.

विहीर खोदताना चिखलाबरोबर वर येणारे खडकाचे तुकडे भूवैज्ञानिक तपासतो. मग विहिरीत उपकरणे सोडून विद्युत्‌रोध, किरणोत्सार आणि घनता मोजतात. याला लॉगिंग म्हणतात. पहिले विद्युत् लॉगिंग १९२७ साली फ्रान्समध्ये श्लुम्बर्जर बंधूंच्या पद्धतीने झाले. या सगळ्या नोंदींवरून या थराची चाचणी घ्यायची की विहीर सोडून द्यायची, हा सल्ला द्यायचा असतो आणि अनेकदा तो काही तासांत द्यावा लागतो.

कोरड्या विहिरीचा हिशेब

आम्ही बँकेत आयुष्य घालवलेली माणसे. आम्हाला या व्यवसायातील सर्वांत ओळखीची गोष्ट वाटली ती जोखमीची. वरच्या चारही गोष्टी जुळण्याची शक्यता प्रत्येकी ७० टक्के धरली, तरी चारींचा गुणाकार २४ टक्केच येतो. म्हणजे चांगल्या वाटणाऱ्या चार जागांपैकी तीन कोरड्या निघू शकतात. समुद्रातील एका विहिरीवर कोट्यवधी रुपये खर्च होतात.

कर्जप्रस्तावात तारण तरी असते, येथे तारण काहीच नाही. असते ती नकाशावरची रेघ आणि तिच्याखाली सही करणारा माणूस. म्हणून या कामाला हुशारीइतकाच स्वभाव लागतो. "मला इतपतच खात्री आहे" असे लेखी सांगण्याचे धैर्य हवे आणि कोरड्या विहिरीनंतर नकाशा पुन्हा पहिल्यापासून तपासण्याची चिकाटी हवी. कोरडी विहीरही थरांची माहिती देऊन जाते. ती नीट वाचली, तर पुढची जागा अधिक विचाराने निवडता येते.

शिक्षणाची वाट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावे. त्यानंतर भूशास्त्रात बी.एससी. करता येते. आपल्याकडे महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात हा विषय आहे. पुढे एम.एससी. किंवा एम.टेक. साठी आयआयटी मुंबई, रुडकी, खरगपूर आणि धनबाद ही नामांकित ठिकाणे आहेत. आयआयटीतील एम.एससी. साठी 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा असते. भौतिकशास्त्राचे पदवीधरही भूभौतिकीकडे वळू शकतात.

ओएनजीसीसारख्या कंपन्यांनी भरतीसाठी 'गेट' परीक्षेचे गुण वापरले आहेत. तिच्यात भूशास्त्र आणि भूभौतिकी यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी लोकसेवा आयोगाची वेगळी परीक्षा आहे. पदांची संख्या आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची मूळ जाहिरातच वाचावी.

घरच्यांनी काय धरून चालावे?

बदल्या होतात. जोरहाट, आगरताळा, राजमुंद्री, कराईकल ही नावे घरात रुळतात. समुद्रातील कामावर साधारणपणे चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी असा क्रम असतो. म्हणजे गणपती आणि दिवाळी दरवर्षी घरी होतीलच, असे नाही. बँकेच्या बदल्यांत मुलांच्या शाळा बदललेल्या कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको. सारी नोकरी विहिरीवरच जाते असेही नाही. अनुभव वाढला की बराचसा वेळ कार्यालयात, संगणकावरील नकाशांपुढे जातो.

खासगी आणि परदेशी कंपन्यांत पगार चांगला असला, तरी तो तेलाच्या भावाबरोबर डोलतो. २०१४ नंतर भाव कोसळले तेव्हा जगभर या क्षेत्रातील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि २०२० मध्ये तेच पुन्हा घडले. घराचे मोठे कर्ज घेताना हे लक्षात ठेवावे, एवढे आम्ही जुन्या सवयीने सांगतो.

तेल संपले तर?

हा प्रश्न आजी-आजोबा हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे देशातील शोध लगेच थांबणारा नाही. पण आज विशीत असलेल्या मुलाची नोकरी पस्तीस-चाळीस वर्षांची असेल आणि तेवढा काळ तेलाला आजचेच महत्त्व राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र हीच विद्या भूजल, खनिजे, भूगर्भातील उष्णता, बोगदे-धरणांचे पाये आणि कार्बन वायू जमिनीखाली साठवणे या कामांतही लागते. म्हणून केवळ तेलापुरते न शिकता मूळ भूशास्त्र, गणित आणि संगणकप्रणाली पक्की करावी.

आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांत कोणी या क्षेत्रात असेल, तर त्यांनी विद्यार्थ्यांशी एकदा अवश्य बोलावे. मुलगा किंवा मुलगी दगड हातात घेऊन तासभर प्रश्न विचारत असेल, तर "यात काय मिळणार?" असे विचारण्याआधी त्यांना अशा माणसाशी गाठ घालून द्यावी, एवढीच आमची विनंती.