घरखात्याचा हिशेब

संगणकामुळे घरबसल्या काम करण्याची सोय झाली आणि 2020 च्या महामारीत ती अनेक घरांत रूढ झाली. नव्या तंत्राने श्रमाचे रूपच पालटले, असे तेव्हापासून सर्वत्र म्हटले जाते. गोंदियाकरांना मात्र घरबसल्या कामाचे अप्रूप वाटू नये. येथील बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या, त्या घरीच.

हा धंदा वाढला तो आगगाडीच्या आधाराने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला. 1905 पर्यंत जबलपूरही छोट्या गाडीने जोडले गेले. भोवतालच्या रानांत तेंदूपत्ता विपुल होता. गुजरातेतून तंबाखूची आवक होऊ लागली आणि वळलेली बिडी दूरच्या बाजारपेठांत पोहोचली. वाफेच्या यंत्राने अंतर जिंकले. बोटांचा वेग मात्र होता तेवढाच राहिला. पाने भिजवायची, साच्याबरहुकूम कातरायची, जर्दा भरून वळायचे, दोरा बांधायचा. दिवसभर राबून साधारण हजार बिड्या होत. अमेरिकेत 1881 साली पेटंट मिळालेले बोन्सॅकचे यंत्र दहा तासांत लाखाहून अधिक सिगारेटी वळी. बिडीला तसे यंत्र लाभले नाही, कारण गरिबाचा हात यंत्राहून स्वस्त होता.

मजुरी ठरे ती दुसऱ्याच्या मापाने. पाने व तंबाखू मोजून देणारा सट्टेदार; वळलेल्या बिड्यांतून ‘छाट’ काढणाराही बहुधा तोच. छाटीचे दाम बुडे आणि दाद कोठे मागावी, हे कळत नसे. 1958 साली चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवले. 1961 साली नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात, कारखान्यात येऊन वळणारे कामगार ठरले. घरी वळणारी बाई उंबरठ्याआडच राहिली.

तिला 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने कर्मचारी मानले आणि छाटीच्या तंट्याचा निवाडा करण्याची तरतूद केली. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली.

1966 च्या आधी आणि नंतर तिचे सूप तेच होते, कात्री तीच होती. तरी त्या वर्षी तिच्या श्रमाला नाव मिळाले. संगणकापुढे बसलेल्या आपल्या मुलामुलींनीही हे ध्यानी ठेवावे. आपले काम कोण मोजतो, ते नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्यावर दाद कोठे मागता येते, हे आधी विचारावे. उपकरणाची नवलाई त्यानंतर.