मागच्या सीटवरचा टी. व्ही.

'व्हिडिओ कोच' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगायला नको. मुंबईहून रात्री कोल्हापूर-गोव्याकडे निघणाऱ्या खासगी बसगाड्यांत ड्रायव्हरच्या केबिनमागे उंचावर टी. व्ही.चे भलेमोठे खोके बसवलेले असे. बसमध्ये असे खोके मावते, घरच्या गाडीत मावत नाही. मग घरच्या गाडीत टी. व्ही. शिरला कसा? हा इतिहास घडला तो मुख्यतः अमेरिकेत, मिनीव्हॅन या गाडीच्या पोटात.

क्रायस्लर कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातील विंडसर येथे डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या जुळ्या गाड्यांचे उत्पादन सुरू केले. सरकता दरवाजा, सीटच्या तीन रांगा, आणि तरीही घरच्या गॅरेजात मावणारी उंची. सुट्टीत मुलांना मागे बसवून सात-आठशे किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबांना ती फार आवडली. पण ड्रायव्हर पुढे आणि भांडणारी मुले दोन रांगा मागे, हे अंतरही तिनेच निर्माण केले.

त्या काळचा टी. व्ही. म्हणजे काचेची निर्वात नळी. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आदळायला काही हजार व्होल्ट लागतात आणि झोत वळवायला जागा लागते, म्हणून नळी खोल आणि जड असते. १९९०च्या दशकात अनेक पालकांनी यावर घरगुती तोड काढली. नऊ-दहा इंची टी. व्ही. आणि व्हीसीआर एकत्र असलेला छोटा संच घ्यायचा आणि पुढच्या दोन सीटच्या मधे पट्ट्याने बांधायचा. इथे नववीचे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. ताशी ५० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. संच ८ किलोचा धरला तर त्याची गतिज ऊर्जा पावणेआठशे ज्यूल भरते. तो जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली इमारतीच्या गच्चीवरून पडला तर जमिनीवर आदळताना इतकीच ऊर्जा असेल. टक्कर झाली आणि पट्टा तुटला, तर हे खोके गाडीतल्या माणसांमधूनच वाट काढणार. संच निवडताना पडद्याच्या इंचांपेक्षा किलो आधी विचारायला हवे होते.

वजनाचा प्रश्न सुटला तो द्रवस्फटिकांमुळे. १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिश राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलचे एक संयुग दोनदा वितळताना दिसले. १४५.५ अंश सेल्सियसला त्याचा गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना तो एकदम नितळ होई. या गढूळ अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकासारखी दिशा राखून असतात. विजेने ही दिशा बदलता येते, आणि त्यावरून पडदा करता येतो, हे १९६८ मध्ये आर. सी. ए. कंपनीतील जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने जगाला दाखवले. पण नेहमीच्या तापमानाला टिकाऊ राहील असा पदार्थ हाती नव्हता. तो १९७३च्या सुमारास इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी दिला. त्यांच्या सायनोबायफेनिल संयुगांची मिश्रणे शून्याखाली दहा अंशांपासून साठ अंशांपर्यंत द्रवस्फटिक राहू शकत. माझ्या मते मोटारीतल्या टी. व्ही.चे खरे जनक ग्रे हेच.

कारण मोटार ही उपकरणांसाठी फार वाईट जागा आहे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत आतले तापमान साठ अंशांच्या आसपास सहज जाते, काचेजवळचे भाग त्याहून तापतात. मिश्रणाची मर्यादा ओलांडली की रेणूंची दिशा विस्कटते, प्रकाशाचे ध्रुवण फिरवण्याचे काम थांबते, आणि पडदा काळा पडतो. थंड झाला की परत ठीक. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडली, तर राइनिट्झरचा दुसरा वितळणबिंदू मुलांना डोळ्यांनी दिसतो. अमेरिकेत एकच गाडी ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यात चालावी लागते. दुसऱ्या टोकाला द्रव घट्ट होऊन चित्र रेंगाळते. मिश्रणांची ही कक्षा पुढे बरीच रुंद करण्यात आली.

अखेर १९९८ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्‌समोबिल सिल्हूएट या मिनीव्हॅनची 'प्रीमियर' आवृत्ती आणली. तिच्या छतातून ५.६ इंची पडदा खाली उलगडे आणि गाडीतच व्हीसीआर होता. व्हीसीआरला थंडीचा त्रास. गार गाडीत हीटर लावला की त्याच्या फिरत्या ड्रमवर दव धरते आणि टेप त्याला चिकटते. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली, आणि काही वर्षांत गाडीतून टेप हद्दपार झाली. चकतीवरचे मार्ग एकमेकांपासून ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, तरी खड्ड्यात बसलेल्या हिसक्याने चित्र तुटत नाही, कारण पुढची माहिती आधीच वाचून स्मृतीत ठेवलेली असते.

गाडीबरोबर संच आला नाही तर तो बाहेरून बसवून घ्यावा लागे, आणि खरी कसोटी तिथे होती. स्टार्टर मारताना बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर १० किंवा त्याखाली उतरतात, इंजिन चालू झाले की १४ होतात. म्हणून संच स्वतंत्र फ्यूजवर आणि किल्ली काढल्यावर बंद होणाऱ्या वायरीवर हवा, नाहीतर सिनेमा संपेल आणि गाडी सुरू होणार नाही. याहून चिवट दुखणे म्हणजे आवाजात मिसळणारी शीळ. ती इंजिनाच्या वेगाबरोबर चढते. गाडीत आल्टरनेटर असतो (१९६० च्या प्लिमथ व्हॅलियंटपासून क्रायस्लरने तो रूढ केला) आणि तो प्रत्यावर्ती धारा एकदिश करून देतो. त्या धारेत थोडी लहर उरते. गाडीचा पत्रा हीच परतीची वायर असते. प्लेयरची अर्थिंग मागच्या पत्र्याला आणि रेडिओची पुढच्या पत्र्याला जोडली, तर दोन ठिकाणच्या विभवात काही मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि त्याची धारा ध्वनीच्या वायरीच्या वेष्टनातून वाहू लागते. सगळ्या अर्थिंग एकाच बिंदूवर आणल्या की शीळ जाते. चांगला कारागीर ओळखायचा तो इथे.

ड्रायव्हरच्या कानावर संवाद पडू नयेत म्हणून मुलांना अवरक्त किरणांचे हेडफोन देत. डाव्या कानाचा ध्वनी २.३ आणि उजव्या कानाचा २.८ मेगाहर्ट्झवर स्वार करून किरण सोडले जात. पत्र्यातून ते बाहेर जात नाहीत, त्यामुळे शेजारच्या गाडीला उपद्रव नाही. थेट ऊन पडले की मात्र खरखर सुरू होई. चालकाला पडदा दिसता कामा नये, असे कायदे अमेरिकेतील अनेक राज्यांत आहेत.

एक गोष्ट मात्र विक्रेता सहसा सांगत नसे. गाडी लागणे हे डोळे आणि कान यांच्या भांडणातून होते. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात, आपण वळतो आहोत. पडद्याला चिकटलेले डोळे सांगतात, सगळे स्थिर आहे. दोन वर्षांखालची मुले सहसा त्रासत नाहीत, पण पुढे शाळेच्या वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो, आणि पडदा नेमका त्यांच्यासाठीच. पडदा उंचावर असला तर नजरेच्या कडेला रस्ता आणि क्षितिज दिसत राहते आणि मळमळ कमी होते. त्यामुळे सीटच्या पाठीत बसवलेल्या पडद्यापेक्षा छतातला मला बरा वाटतो, जरी तो ड्रायव्हरच्या मागच्या आरशात आडवा येतो.

ओल्ड्‌समोबिल हे नाव २००४ मध्ये बंद झाले. २०१० मध्ये आयपॅड आला आणि बहुतेक कुटुंबांनी बसवण्याचा प्रश्नच सोडून दिला. मुलाच्या मांडीवर टॅब्लेट ठेवला की झाले. मांडीवरच्या पडद्याकडे पाहताना मान खाली जाते, क्षितिज नजरेतून पूर्ण सुटते, आणि अर्ध्या किलोची ती पाटी कशालाही बांधलेली नसते.